वृद्धांची वाट आणि आपल्या पाट्या

वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात समोरच्या खुर्च्यांवरून नजर फिरविली तर पांढऱ्या केसांचीच संख्या अधिक भरते. तेव्हा आजचा विषय श्रोत्यांना परका वाटण्याचे कारण नाही. रेल्वेचे स्थानक, एस. टी. चा स्टँड, सरकारी रुग्णालय अशा ठिकाणी ज्या पाट्या लावलेल्या असतात आणि ध्वनिक्षेपकावरून जे पुकारे होत असतात, त्यांचा म्हाताऱ्या माणसाला वाट काढण्याच्या कामी कितपत उपयोग होतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पाट्यांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे ताबडतोब एका ठरलेल्या वळणावर जाते. कोणती भाषा वर, कोणती खाली, कोणाचे अक्षर मोठे आणि कोणाचे लहान! हा वाद आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ज्या राज्याची राजभाषा १९६४ च्या अधिनियमाने मराठी ठरली, त्या राज्यात मराठी पाटीसाठी माणसांना भांडावे लागावे याचे आम्हांलाही वाईट वाटते. पण या भांडणात एक माणूस हटकून विसरला जातो, आणि तो म्हणजे पाटीखाली उभा राहून, मान वर करून, डोळे बारीक करून ती वाचू पाहणारा. २०२२ साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा दुरुस्त झाला, तेव्हा मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत असे त्यात आले. उत्तम झाले. पण ती पिकल्या डोळ्यांना पुरतील एवढी असावीत, ही गोष्ट त्या वादात कोणी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्या एक आत्याबाई आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. जुन्या सातवीची फायनल झालेल्या, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत वाचणाऱ्या, कानाने किंचित मंद, बाकी ठणठणीत. काही वर्षांपूर्वी त्या लेकीकडे जावयास एकट्याच निघाल्या. वाटेत एका मोठ्या जंक्शनवर गाडी बदलावयाची होती. तिकिटाप्रमाणे व पाटीप्रमाणे त्या तिसऱ्या फलाटावर येऊन, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. गाडी आयत्या वेळी पाचव्या फलाटावर घेतली गेली. तसा पुकारा झाला. एकदा नव्हे, तीन भाषांतून झाला. भोवतालची माणसे उठून जिन्याकडे धावली तीही त्यांनी पाहिली. पण ती दुसऱ्या कोठल्या गाडीची असावीत असे त्यांना वाटले. आपली गाडी समोरून निघून गेली ती त्यांनी पाहिली आणि ती आपलीच हे त्यांना दोन तासांनी कळले. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, ती बाई बोलत होती रे सारखी, पण माझ्याशी बोलत नव्हती."

त्या दिवशी त्यांचे नुकसान म्हणाल तर एका संध्याकाळचे झाले. पण त्यानंतर त्या एकट्या गाडीत बसल्या नाहीत. मग एस. टी. सुटली. मग तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे "कोणी येणार असेल तर" यावर आले. आता विचारले तर म्हणतात, "नको बाबा, कुठं त्या गर्दीत." म्हातारी माणसे घरात बसू लागली म्हणजे आपण गुडघ्यांना दोष देतो. पुष्कळदा गुडघ्यांआधी धीर गेलेला असतो, आणि तो अशा एखाद्या फलाटावर गेलेला असतो.

आता आत्याबाईंच्या कानाशी काय झाले ते पाहू. वयपरत्वे कान मंद होतात म्हणजे सगळाच आवाज सारखा कमी होतो, असा आपला समज असतो. तसे नाही. प्रथम जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. बोलण्यात स्वर हे खालच्या पट्टीत व जोरकस असतात. स, च, त, ठ, फ यांसारखी व्यंजने मात्र वरच्या पट्टीतल्या क्षीण फुसफुशीवर ओळखली जातात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला बोलणे 'ऐकू येते', पण 'कळत' नाही. आता फलाटांचे आकडे घ्या. चार, पाच, सात, आठ. या चारही शब्दांच्या मध्यभागी 'आ' आहे. आजूबाजूची व्यंजने पुसून टाकली की उरतो तो नुसता 'आ'. हिंदीतही तीच गत. पत्र्याच्या छपराखाली तो 'आ' घुमतो आणि ऐकणाऱ्याने चारांतून एक निवडावयाचा! विमानांच्या बिनतारी संभाषणात इंग्रजी पाचाचा व नवाचा उच्चार मुद्दाम थोडा वाकडा करतात, तो याच भयाने. तेथे चूक झाली तर विमान चुकते. येथे आत्याबाई चुकतात, म्हणून कोणाला त्याचे विशेष वाटत नाही.

आवाज वाढवून हे दुरुस्त होत नाही, उलट घुमणे वाढते. उपाय साधा आहे. आकड्याला खूण जोडून द्यावी. "पाचवा फलाट, बाजाराच्या बाजूचा शेवटचा" असे म्हटले की 'पाच' हरवला तरी 'बाजार' कानात राहतो. बोलण्याआधी जी घंटेची सुरावट वाजते तीही निरर्थक नव्हे. ती मान वर करावयास लावते. फक्त ती संपल्यावर क्षणभर थांबावे एवढी माणुसकी यंत्राला शिकविली पाहिजे.

आणि भाषा? येथे एक मौज आहे. मुंबईच्या लोकलमध्ये पुढल्या स्टेशनाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून सांगतात. तरुण माणूस त्याला कंटाळतो. पण बारकाईने पाहिले तर म्हाताऱ्यांचे खरे काम त्याने होते, आणि तेही भाषांमुळे नव्हे, तर नाव तीनदा उच्चारले जाते म्हणून. पहिल्या 'दादर'ला मान वर होते, दुसऱ्या 'दादर'ला खात्री पटते, तिसऱ्याला माणूस पिशवी उचलतो. जंक्शनवरच्या पुकाऱ्यात मात्र नेमके उलट घडते. आधी गाडीचा पाच आकडी क्रमांक एकेक आकडा सुटा करून. मग गाडीचे नाव, मग कोठून कोठे, कोणत्या मार्गाने, आणि सर्वांच्या शेवटी फलाट. तो मराठीत एका शब्दाने, हिंदीत किंचित वेगळ्या उच्चाराने, इंग्रजीत तिसऱ्याच शब्दाने. म्हणजे जे तीनदा सारखे ऐकू यावयास हवे तेच तीनदा वेगळे ऐकू येते. गोंगाटात मागाहून शिकलेली भाषा मातृभाषेपेक्षा लवकर तुटते, हे ज्यांनी परप्रांतात दिवस काढले आहेत त्यांना सांगावयास नको. वार्धक्यात, विशेषतः स्मृतिभ्रंशात, उत्तरवयात शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची टिकते, असेही पुष्कळदा दिसते. म्हणून त्या त्या गावची भाषा प्रथम यावी असा आमचा आग्रह आहे. तो मानापमानापेक्षा कानाच्या कारणाने अधिक आहे.

डोळ्यांची कथा थोडी निराळी. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश असतो. बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि डोळ्यातील भिंग पिवळट होत जाते. मोतीबिंदू सुरू झालेल्याला दिव्याची झळाळी पसरून अक्षरांवर येते. या दृष्टीने पाहता, रेल्वेची पिवळ्यावर काळ्या अक्षरांची ती जुनी दणकट पाटी फार शहाणी आहे, असे आमचे मत आहे. फलाटाच्या दोन्ही टोकांना, मोकळ्यावर, पाठीमागे दुसरे काही नाही, अक्षर हातभर. वर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली. तिचा प्रवाशाला काय उपयोग ते देव जाणे, पण लहानपणी आम्ही ती घोकीत असू. स्थानकाच्या पोटात शिरले की हे शहाणपण संपते. तेथे काचेमागून दिवा लावलेल्या चकचकीत पाट्या, त्यांच्या दुप्पट आकाराच्या साबणाच्या जाहिराती, आणि अक्षरे फिरती ठेवणारे विजेचे फलक.

या फिरत्या फलकांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. काही सेकंद मराठी, काही सेकंद हिंदी, काही सेकंद इंग्रजी. योजना करणाऱ्याला वाटले असेल की तीन भाषांना न्याय दिला. म्हातारा माणूस चष्मा काढतो, पुसतो, लावतो, शोधू लागतो. दुसऱ्या ओळीवर येतो तो फलक इंग्रजी झालेला असतो. तो पुन्हा मराठी होण्याची वाट पाहतो. झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून. दोनदा असे झाले की तो फलकाचा नाद सोडून शेजारच्याला विचारतो, आणि शेजारच्याच्या कानात गाणी चाललेली असतात. स्थिर राहणारी एक भाषा ही फिरणाऱ्या तिन्हींहून बरी, एवढे तरी यावरून म्हणता येईल. जागा असेल तर तिन्ही एकाच वेळी स्थिर ठेवाव्यात.

लिपीचा एक मुद्दा पाटी रंगविणाऱ्या कारागिरांना पक्का ठाऊक असतो, पण तो नकाशा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तीन भाषांना तीन सारख्या पट्ट्या आखून दिल्या की समानता झाली असे त्यांना वाटते. इंग्रजी मोठी अक्षरे त्या पट्टीची सारी उंची व्यापतात. देवनागरीला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा सोडावी लागते आणि खाली उकाराला. 'चिंचपोकळी' लिहून पाहा. पट्टीच्या निम्म्या भागात अक्षराचा मूळ देह बसवावा लागतो. म्हणजे सारख्या पट्टीत मराठी अक्षर मुळातच लहान होते, आणि मग 'मराठी नीट दिसत नाही' म्हणून लोक इंग्रजी वाचू लागतात! अमेरिकेत रस्त्यांवरील पाट्यांचा नियम करताना इंचभर उंचीच्या अक्षराला पूर्वी चाळीस फूट अंतर धरीत. २००९ च्या नियमावलीत ते तीस फुटांवर आणले. म्हणजे तेवढ्याच अंतरासाठी अक्षर मोठे करावे लागले. हा हिशेब रोमन अक्षरांचा. आपल्या लिपीला तो आणखी सढळ हाताने धरावयास हवा.

आकड्यांचा घोटाळा तर विलक्षणच आहे. देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, देवनागरी चार हा इंग्रजी आठासारखा, आणि सात बराचसा इंग्रजी सहासारखा. संघराज्याच्या कामकाजासाठी संविधानाने आंतरराष्ट्रीय रूपातील आकडे ठरविले. मराठी शाळांतून व छापखान्यांतून देवनागरी आकडे चालत राहिले. मुंबईत बेस्टच्या बसगाड्यांच्या कपाळावर वर्षानुवर्षे देवनागरी आकडे असत व बगलेवर इंग्रजी. एकाच आकड्यांत वाढलेल्या माणसाने दुसऱ्या आकड्यांची पाटी दुरून वाचली तर तो चार नंबरच्या बसला आठ नंबरची समजून बसू शकतो, आणि त्यात त्याचे काहीच चुकलेले नसते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. रंग लावणाऱ्याला आणखी पाच मिनिटे लागतील.

येथवर आम्ही वाचता येणाऱ्यांविषयी बोललो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात दर शंभरांमागे जवळजवळ दहा. त्या वेळी देशातील या वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्के साक्षर होते आणि स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के. म्हणजे साठीच्या पुढच्या शंभर स्त्रियांपैकी बहात्तर जणींना पाटीवर एक भाषा असो, तीन असोत की चौदा, सारखेच होते. तेव्हापासून साक्षर पिढी म्हातारी होत आली आहे आणि हे प्रमाण सुधारत जाईल; पण आज खेड्यातून रुग्णालयात आलेल्या म्हातारीला त्याने काय होते?

तिच्यासाठी चित्र आहे. आपल्या देशाला हे नवे नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. वाचता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांनी चित्र पाहून आपले सरकार निवडले. ज्या देशाने चित्रावर राज्य चालविले त्याला चित्रावर रुग्णालय चालविता येऊ नये, हे काही पटत नाही. मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र देण्यात आले. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्यांची टेकडी. त्या स्थानकाचे चित्र नाकतोडा. निरक्षर म्हातारा नाकतोड्यापाशी उतरतो, आणि स्पॅनिश न येणारा परदेशी प्रवासीही. एकच सोय दोघांना पुरली.

मात्र चित्र म्हणजे आपोआप कळणारी गोष्ट, असे मानण्याचा भाबडेपणा करू नये. परदेशातून आलेली जी चित्रे आपण जशीच्या तशी लावतो त्यांत घोळदार झग्याची आकृती म्हणजे बाई आणि दोन पाय सुटे दाखविले म्हणजे बुवा. आता नऊवारी नेसून कासोटा घातलेल्या आजीबाईंनी कोणत्या दारात शिरावे? त्यांचे दोन्ही पाय सुटेच दिसतात! यापेक्षा आमच्या जुन्या स्टँडांवर पेंटरने रंगविलेला फेटेवाला आणि अंबाडा घातलेली, कुंकू लावलेली बाई ही चित्रे कितीतरी अधिक बोलकी असत. त्या पेंटरने आपली गिऱ्हाइके पाहिली होती.

वाचनाशिवाय वाट सापडण्याची एक थोर व्यवस्था तर आपल्या डोळ्यांसमोर दरवर्षी पंढरीस चालत जाते. लाखांच्या मेळ्यात सत्तरीची म्हातारी हरवत कशी नाही? हरवते, पण सापडते. कारण तिला आपली दिंडी ठाऊक असते: रथापुढे अमुक क्रमांकाची, किंवा रथामागे अमुक. रथ सर्वांना दिसतो. त्याच्या पुढे की मागे एवढे कळले की उरते ती मोजदाद. मराठी असो, कानडी असो, तिला दुसऱ्या वारकऱ्याला एवढेच सांगावयाचे असते. या व्यवस्थेचे मर्म असे की एक मोठी, न चुकणारी खूण मध्ये आहे आणि बाकी सर्व ठिकाणे तिच्यावरून सांगितली जातात. आमच्या मोठ्या रुग्णालयांत असा 'रथ' कोठे आहे? एका इमारतीतून दुसरीत, तेथून पाठीमागच्या तिसरीत, आणि प्रत्येक ठिकाणी बाण. बाण कशापासून निघाला आणि कशापाशी संपला ते बाणालाच ठाऊक.

रुग्णालयाचे नाव निघाले म्हणून मराठीतल्या मराठीविषयीही बोलू. 'बाह्यरुग्ण विभाग', 'अस्थिव्यंगोपचार', 'क्ष-किरण', 'विकृतिशास्त्र' या पाट्या मराठीत आहेत याबद्दल कोणाची तक्रार असणार नाही. पण आजोबांना हवा असतो 'ओपीडी', 'हाडांचे डॉक्टर', 'एक्स-रे' आणि 'रक्त तपासणी'. महाराष्ट्र राज्य झाल्यावर शासनाने पदनामकोश काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनामकोश' म्हणून झोडपले होते. आम्ही तेवढे कठोर होणार नाही. नवे शब्द रुळतात. 'दिनांक' आणि 'क्रमांक' रुळलेच की. परंतु पाटी ही शब्द रुळविण्याची शाळा नव्हे. दुखऱ्या पायाने उभ्या असलेल्या माणसाला तिच्यासमोर अभ्यास करावयास लावू नये. वर 'हाडांचा विभाग' आणि खाली हवे तर 'अस्थिव्यंगोपचार' लिहावे. बहुभाषिक पाटी म्हणताना आपण मराठी, हिंदी, इंग्रजी मोजतो. बोलीतली मराठी आणि कचेरीतली मराठी या दोन भाषा आहेत हे मोजावयाचे राहून जाते.

गावांच्या आणि स्थानकांच्या नावांचेही असेच. १८५३ साली पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहून. पुढे तेथे व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहिले आणि लोक 'व्ही. टी.' म्हणू लागले. १९९६ साली त्याचे छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले व २०१७ साली नावात 'महाराज' हा शब्द आला. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ साली प्रभादेवी झाले. नाव बदलणे योग्य की अयोग्य हा आमचा विषय नाही. छत्रपतींच्या नावाने कोणास आनंद होणार नाही? पण माणसाच्या डोक्यातला नकाशा राजपत्रातील अधिसूचनेने बदलत नाही. ऐंशीच्या घरातल्या आजोबांनी पन्नास वर्षे एल्फिन्स्टनला उतरून गिरणीत हजेरी लावली असेल, तर ते एल्फिन्स्टनच शोधणार. वांद्रे आणि बांद्रा, शीव आणि सायन, भायखळा आणि बायकुला या जोड्या पाहा. येथे भाषा तीन असल्यामुळे दोन्ही नावे कानावर येतात आणि कोणाचे ना कोणाचे काम होते. बदललेल्या नावाखाली एक पिढीभर जुने नाव बारीक का होईना पण वाचता येईल अशा अक्षरांत राहू द्यावे, पुकाऱ्यात एकदा उच्चारावे. नव्या नावाचा त्याने अपमान होत नाही.

मग किती भाषा घालाव्यात? हा प्रश्न टाळता येणार नाही. तैवानात २००० साली एक कायदा झाला, त्याने सार्वजनिक वाहनांत मँडरिनबरोबर तेथील होक्लो व हक्का या भाषांतूनही पुकारे करणे आवश्यक ठरले. तेथील पुष्कळ जुन्या माणसांची घरची भाषा सरकारी मँडरिन नव्हे, तर या दोनांपैकी एक. कायद्यामागे भाषिक समतेचा विचार होता, परंतु त्याचा लाभ आजी-आजोबांच्या पदरात पडला. उलट सिंगापुरात २०१२ च्या सुमारास एका रेल्वे-कंपनीने वयस्क चिनी प्रवाशांच्या सोयीसाठी स्थानकांची नावे इंग्रजीबरोबर मँडरिनमध्येही सांगून पाहिली, तेव्हा मलय आणि तमिळ यांनी काय पाप केले, असा प्रश्न लगेच उठला. प्रश्न रास्त होता. सोय म्हणून एक भाषा आणली की तिचा मान होतो, आणि मान झाला की दुसरीचा अपमान होतो.

आमच्याकडे सोलापूर घ्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा तेथे एका गल्लीत ऐकू येतात. विणकामासाठी आलेल्या तेलुगू घरांतील म्हाताऱ्या बायका बाजारापुरती मराठी बोलतात, पण आजारपणात तेलुगूच बोलतात. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेली आणि रोमन लिपीत कोंकणी वाचणारी जुनी माणसे आहेत. सर्वांना सर्व ठिकाणी पुरेल अशी पाटी होऊ शकत नाही, आणि ती करावयास गेले तर कोणालाच पुरणार नाही. कारण प्रत्येक भाषा अक्षराची उंची थोडी थोडी खाऊन टाकते. आमच्या मते पाटीवर दोन किंवा फार तर तीन भाषा असाव्यात, त्यांत गावची पहिली व मोठी. पुकाऱ्यात तेवढ्याच, पण वाक्ये आखूड, आणि कळीचा शब्द आधी. पुढची सर्व जबाबदारी चित्राने, रंगाने आणि अंकाने उचलावी. आणि जेथे दुःख आहे, म्हणजे रुग्णालयात, तेथे शेजारच्या भाषा येणारा एक माणूस दाराशी बसवावा. सोलापुरासारख्या गावात असा माणूस शोधण्यासाठी जाहिरात द्यावी लागणार नाही. तो तेथे झाडू मारीत असेल किंवा चहा देत असेल.

नियमांची वाण नाही. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा अधिनियम आहे, २०२१ ची केंद्र सरकारची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत फलकांविषयी प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. पण पाटी बसविणारा ती उन्हात शिडीवर चढून बसवितो, तरुण डोळ्यांनी पाहतो आणि उतरतो. त्या पाटीखाली कोणी म्हातारे माणूस आणून उभे करीत नाही.

म्हणून आम्ही तो प्रयोग केला. प्रयोग हे नाव त्यास मोठे होईल. आत्याबाईंना पुष्कळ विनवून, गेल्या थंडीत एका सकाळी त्याच जंक्शनवर घेऊन गेलो. आम्ही दहा पावले मागे राहावयाचे, त्यांनी पुढे चालावयाचे, आणि त्या जेथे जेथे थांबतील तेथे आम्ही वहीत नोंद करावयाची, असे ठरले. तिकीटखिडकीपासून पाचव्या फलाटापर्यंत त्या सात ठिकाणी थांबल्या. दोनदा दम लागला म्हणून. एकदा पाटीवर जाहिरातीचा कागद चिकटविला होता म्हणून. एकदा फिरत्या फलकाखाली. तेथे सर्वांत जास्त वेळ गेला. एकदा आकडा कळला पण बाण वर दाखवीत होता म्हणून. वर म्हणजे सरळ पुढे की जिन्याने वर, हे त्यांना ठरविता येईना, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही येईना. एकदा ओळखीच्या एक बाई भेटल्या.

सातवे ठिकाण पुलाच्या माथ्यावर होते. तेथे दोन मोठ्या, स्वच्छ, तिन्ही भाषांतील पाट्या होत्या: एकीवर 'पूर्व', दुसरीवर 'पश्चिम'. अक्षरांत काही उणे नव्हते. आत्याबाईंनी दोन्ही मोठ्याने वाचल्या, मग वळून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "अरे, यातली देवळाकडची कोणती?"